स्मृतिभ्रंश-शुश्रूषेच्या प्रशिक्षणाचे सांस्कृतिक अनुकूलन

स्मृतिभ्रंशग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी अन्यत्र रचलेला शिक्षणक्रम स्थानिक भाषा, गृहरचना, नातेसंबंध व दिनचर्या यांना अनुरूप करून घेण्याची प्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसपोर्ट' या शिक्षणक्रमाचे भारतीय रूपांतर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केले. परंतु मराठी मुलखास निकटचा व अधिक बोधप्रद प्रयोग गोव्याचा. तेथे अमित डायस प्रभृती संशोधकांनी ८१ कुटुंबांपैकी काहींकडे स्थानिक गृहसल्लागार पाठवून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, व शुश्रूषकांचे मानसिक स्वास्थ्य त्यामुळे सुधारल्याचे आढळले.

मराठी मुलखात, उदाहरणार्थ ठाणे व कल्याण-डोंबिवली येथे, जेथे मुलगा व सून पहाटेच्या लोकलने मुंबईस जाऊन रात्री परततात आणि रुग्णाचा भार दिवसभर बहुधा वृद्ध पत्नीवरच पडतो, तेथे 'रुग्णासाठी स्वतंत्र, शांत खोली राखावी' हा परदेशी उपदेश दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात निव्वळ कागदीच ठरतो. त्याऐवजी दाराला वरची कडी, शेजाऱ्यांना विश्वासात घेणे, पूजेची तयारी किंवा भाजी निवडण्यासारखे अंगवळणी पडलेले काम रुग्णाच्या हाती ठेवणे, हे पाठ अधिक उपयुक्त. सुनेने सासऱ्यांस स्नान घालण्यातील संकोचाचा विचारही शिक्षणक्रमात हवा. तो बहुधा गाळला जातो.

ठाण्यात शासकीय मनोरुग्णालय १९०१ पासून आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापिलेली मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून आहे. तथापि अशा संस्थांनी केवळ भाषांतरित पुस्तिका वाटणे म्हणजे अनुकूलन नव्हे. गृहभेटीवाचून हे प्रशिक्षण अपुरेच राहते.