ब्रेल लिपीच्या एकीकरणासाठी झटलेला अंध सैनिक

ऑगस्ट १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीवर न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेन्झी यांनी दोन्ही डोळे गमावले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. लंडनच्या सेंट डन्स्टन्स या संस्थेत प्रशिक्षण घेऊन ते मायदेशी परतले. वर्षभराची खासदारकीही त्यांच्या वाट्याला आली, पण त्यांचे खरे कार्य निराळेच. १९२३ ते १९३८ या काळात ते ऑकलंडच्या अंध संस्थेचे संचालक होते.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय जवानांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला वसतिगृह सुरू झाले. त्याची धुरा मॅकेन्झी यांनी वाहिली. दृष्टिबाधितांसाठीची तेथील आजची राष्ट्रीय संस्था त्यातूनच वाढली.

त्या काळी भारतात ब्रेलच्या अनेक पद्धती रूढ होत्या. एका पद्धतीत छापलेले पुस्तक दुसरी पद्धत शिकलेल्याला वाचता येत नसे. १९४९ मध्ये युनेस्कोने हा गुंता सोडविण्यासाठी मॅकेन्झी यांना सल्लागार नेमले. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. श्रेय अर्थातच त्यांच्या एकट्याचे नव्हे. भारतीय तज्ज्ञांचाही त्यात वाटा होता. मॅकेन्झी १९६६ मध्ये निवर्तले. मराठीतला ‘क’ आणि बंगालीतला ‘क’ आज अंध वाचकाच्या बोटांना सारखाच लागतो: पहिला आणि तिसरा ठिपका.