फोरम थिएटर
प्रेक्षकांना प्रयोगात हस्तक्षेप करू देणारा उपयोजित रंगभूमीचा प्रकार. ब्राझीलचे दिग्दर्शक आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी १९७३ मध्ये पेरूतील साक्षरता मोहिमेच्या काळात तो विकसित केला. पाउलो फ्रेइरे यांच्या शिक्षणविचाराचा त्यावर प्रभाव आहे (पहा : शोषितांची रंगभूमी). नायकाच्या पराभवात संपणारा अन्यायाचा प्रसंग आधी सलग सादर होतो. दुसऱ्या खेपेस कोणीही प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून नायकाची जागा घेतो व निराळा मार्ग आजमावतो. विरोधी पात्रे सहजासहजी नमत नाहीत. ‘जोकर’ हा सूत्रधार प्रश्न विचारतो, उत्तर देत नाही; विदूषकाशी त्याचे नाते नाही. तयार संदेशाऐवजी पर्यायांचा सराव हे फोरम थिएटरचे वैशिष्ट्य (पहा : पथनाट्य). भारतात पश्चिम बंगालमध्ये १९८५ पासून कार्यरत असलेली ‘जन संस्कृती’ ही संस्था हा प्रकार वापरते.