कोर्टातून ओपीडीत

१९१२ सालच्या कायद्याप्रमाणे घरातल्या माणसाला मनोरुग्णालयात ठेवायचं तर आधी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागे. अर्ज नवऱ्याने, बायकोने नाहीतर नातेवाइकाने द्यायचा. अर्जदाराने गेल्या चौदा दिवसांत रुग्णाला स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले, तेही वेगवेगळ्या कागदांवर. मॅजिस्ट्रेटचं समाधान झालं की तो हुकूम काढी. रस्त्यावर भटकणाऱ्याला पोलीसच उचलून त्याच्यापुढे उभं करत. आपणहून दाखल व्हायची वाटही कायद्यात होती, पण तिलाही रुग्णालयावर देखरेखीसाठी नेमलेल्या दोन अभ्यागतांची संमती लागे.

मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात, मनोविकार विभागात, मी सामाजिक कार्यकर्ती म्हणून नोकरी केली. हा कायदा १ एप्रिल १९९३ पर्यंत चालू होता, म्हणजे माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्याच्याच अमलाखाली गेली. आजही त्यातली कलमं वाचताना मला त्या घरांची दैना डोळ्यांसमोर दिसते. मुलगा रात्रभर झोपत नाही, स्वतःशीच बोलतो, जेवणात विष घातलंय म्हणून ताट भिरकावतो, आणि आईबापांनी आधी कोर्टाची पायरी चढायची. उपचार हवे म्हणून निघालेल्या माणसाला वाटेत वकील भेटे, कारकून भेटे, पोलीस भेटे. डॉक्टर सगळ्यात शेवटी.

आणि पोचायचं कुठे, तर नागपूर, रत्नागिरी, ठाणे किंवा येरवडा. नागपूरचं रुग्णालय १८६४ मधलं, रत्नागिरीचं १८८६ मधलं, ठाण्याचं १९०१ मधलं. गावाबाहेर, उंच भिंतींच्या आत. ‘तुला ठाण्याला पाठवायला हवं’ ही धमकी मुंबईच्या चाळींत मुलांनाही पाठ होती, पुण्यात तेच येरवड्याबद्दल. आत काम करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना मी दोष देणार नाही. १९४६ च्या भोर आरोग्य समितीपुढे आलेल्या पाहणीत देशातल्या १९ मनोरुग्णालयांत मिळून १०,१८१ खाटा होत्या, आणि देश चाळीस कोटींच्या घरात पोचलेला. खाटा इतक्या कमी असल्या की बरा होण्याजोगा माणूस मागे राहतो आणि ज्याला सांभाळणं घराला अशक्य झालंय तोच आत येतो. आलेला मग सहसा परत जात नाही. भिंतींबद्दलची भीती अशी खरीच ठरत गेली.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात रुग्णांवर सगळ्यात मोठा उपकार केला तो साध्या सरकारी इस्पितळातल्या बाह्यरुग्ण विभागाने. कलकत्त्याला आजच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये तो सुरू केला. मुंबईत १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी, आणि पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी मनोविकार विभाग उभा केला. वाहियांनी पतंजलींच्या योगसूत्रांचा आधार घेऊन उपचारांची एक पद्धतही बसवली होती. पण मला महत्त्वाची वाटते ती सकाळची केसपेपरची रांग. त्या रांगेत पोटदुखीचा माणूस असतो, मधुमेहाचा असतो, हात मोडलेला असतो. तुम्ही कुठल्या खोलीत जाणार हे शेजारच्याला कळत नाही. मॅजिस्ट्रेट नाही, हुकूम नाही, संध्याकाळी घरी परत. दाखल करायची वेळ आलीच तर सोबत आई किंवा भाऊ थांबू शकतो. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात रुग्णांच्या कुटुंबांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिलं होतं. घरचं माणूस जवळ असलं की रुग्ण लवकर सावरतो, आणि घरच्यांनाही आजार समजतो. आमच्या वॉर्डात मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

ओपीडी चालली ती गोळ्यांमुळे, हे मात्र कबूल करायला हवं. त्या आधी डॉक्टरच्या हातात फारसं काही नव्हतं. १९५२ मध्ये पॅरिसला डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं आणि चित्र पालटलं. त्याच सुमारास आपल्याकडची सर्पगंधा जगभर गाजत होती. बिहारात तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ म्हणत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं की ही मुळी उन्मादावर आणि रक्तदाबावर चालते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले, मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं, आणि १९५७ मध्ये क्लाइन आणि वकील या दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन पुढे मागे पडलं. तरी आपल्या जंगलातली एक मुळी मनोविकारांच्या पहिल्या औषधांत होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

गोळी आली तसं नवं काम आलं, ती चालू ठेवण्याचं. माझा अर्धा दिवस त्यातच जाई. पंधरवड्याच्या इंजेक्शनाला कोण आलं नाही, लिथियमच्या रक्ततपासणीची तारीख कोणाची टळली, कोणाचे हात थरथरतात, कोणी बरं वाटलं म्हणून आपल्याच मनाने गोळ्या बंद केल्या, हे सगळं रजिस्टरमध्ये. रजिस्टर बघून मी पोस्टकार्ड टाकत असे. ‘आपली प्रकृती कशी आहे, भेटीस यावे’ एवढंच, रुग्णालयाचा शिक्का न मारता, कारण पोस्टमन वाचतो आणि चाळही वाचते.

बोलण्याच्या उपचाराचा रस्ता वेगळ्या बाजूने आला. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ मध्ये मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं, १९४८ मध्ये वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्याचा विभाग सुरू केला. आमच्यासारख्या मुली तिथून शिकून रुग्णालयांत आल्या. आम्ही ऐकायचं, घरी जाऊन बघायचं, सासूला समजवायचं, मालकाला भेटून नोकरी टिकवायची. डॉक्टरकडे मिनिटं मोजकी, रांग दारापर्यंत, म्हणून ही वाटणी झाली. ती अटळ होती असं मला आजही वाटतं, पण तिच्यात एक फट राहिली. गोळीने झोप वाढली म्हणून बाई कामाला जात नाही, हे ती मला सांगे, डॉक्टरला नाही. मग मी केसपेपरच्या मागे पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवी: झोप फार येते, डोस रात्री देता येईल का? पुढच्या वेळी डॉक्टर तेवढं वाचून डोस बदलत.

देवऋषी आणि दर्गे यांची वाट याच काळात वाहती होती, आजही आहे. ‘बाहेरचं’ बघून मगच लोक आमच्याकडे येत. मी त्यांना कधी हसले नाही. रात्री दोन वाजता जो दार उघडतो त्याच्याकडे माणूस जातो. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या आश्रयगृहात साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले, आणि त्यानंतर साखळीला श्रद्धा म्हणणं मला जमलेलं नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं.

पुण्यात १९८६ मध्ये व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण, ठाण्यात १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी आयपीएच अशी केंद्रं उभी राहिली आणि मराठीतून, नाव न लपवता, या विषयावर बोललं जाऊ लागलं. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा शेष नावाच्या रुग्णावरचा चित्रपट आला, तेव्हा विभागात येऊन लोक म्हणत, ‘ताई, आमच्या मुलाला त्या शेषसारखं होतं.’ स्किझोफ्रेनिया हा शब्द न उच्चारता त्यांना तो सांगता आला, हे केवढं मोठं काम त्या चित्रपटाने केलं!

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आता आजारी माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावं हेही ठरवू शकतो. १९१२ च्या अर्जात रुग्णाने सही करायची जागाच नव्हती.

निवृत्तीनंतरही ओळखीतून फोन येतात: ‘ताई, कोणाकडे नेऊ?’ मी सांगते, काहीच सुचत नसेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर आधी बोला, मग जिल्हा रुग्णालयातली मनोविकारांची ओपीडी गाठा. गोळ्या लिहिणारा मनोविकारतज्ज्ञच हवा. समुपदेशकाला त्याचं शिक्षण विचारायला लाजू नका. गोळी कोणती, किती महिने, कोणती रक्ततपासणी, त्रास झाला तर कोणाला फोन, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्या. आणि गोळ्या एकाकडे, बोलणं दुसऱ्याकडे असेल, तर दोघांना एकमेकांचे फोन नंबर द्या आणि महिन्याभराने विचारा, तुमचं बोलणं झालं का.