कोल्ह्याचा दोष किती?

गोराईच्या खाडीकांठीं तिवरांची झाडी आहे. मुंबईच्या अशा तिवरांत सोनेरी कोल्हे अजून आढळतात. कोल्हा, लांडगा आणि कुत्रा हे एकाच कुळांतले. त्यांच्या आंतड्यांत एक पट्टकृमी राहूं शकतो. त्याची लांबी जेमतेम ७ मिलिमीटर. परंतु त्याचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेलीं, तर यकृतांत किंवा फुप्फुसांत पाण्यानें भरलेली गांठ वर्षानुवर्षें वाढत राहते. तेव्हां कोल्हे मारावेत, असें कोणास वाटेल. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

अशा गांठी प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊक होत्या. त्या येतात कोठून, हें मात्र कळत नव्हतें. १८५३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ झीबोल्ड यांनीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जनावरांच्या शरीरांतील गांठी त्यांनीं कुत्र्यांना चारल्या, आणि कुत्र्यांच्या आंतड्यांत पट्टकृमी निपजले. १८६३ सालीं नाउनिन यांनीं माणसाच्या गांठीपासूनहि तोच कृमी कुत्र्यांत उत्पन्न केला. कुत्र्याच्या विष्ठेंतून अंडीं गवतावर, गवतावरून मेंढीच्या पोटांत, आणि मेंढीच्या यकृतांतून पुन्हां कुत्र्याच्या पोटांत, असें हें रहाटगाडगें आहे.

त्याच १८६३ सालीं डेन्मार्कचे क्राबे आइसलंडांत गेले. तेथें या रोगानें लोक गांजले होते. तपासलेल्या कुत्र्यांपैकीं चतुर्थांशाहून अधिक कुत्र्यांत त्यांना हा कृमी सांपडला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं लोकांसाठीं पुस्तिका लिहिली: कापलेल्या मेंढ्यांचे गांठी असलेले अवयव कुत्र्यांपुढें टाकूं नका, कुत्र्यांना जंताचें औषध द्या, हात स्वच्छ ठेवा. पुढें कायदे झाले; १९२४ सालीं राजधानींत कुत्रा पाळण्यासच बंदी आली. विसाव्या शतकांत हा रोग तेथून जवळजवळ नाहींसा झाला. रानांतलें ध्रुवीय खोकड मात्र आजहि तेथें नांदत आहे.

कृमींवर उपाय सांगतांना चरकसंहितेनेंहि कृमी काढून टाकण्याबरोबर निदानाचें, म्हणजे मूळ कारणाचें, वर्जन सांगितलें आहे. येथें तें कारण कोल्हेकुईंत शोधावयाचें नाहीं. हा रोग मांस खाल्ल्यानें होत नाहीं. तो अंडीं लागलेल्या हातांनीं आणि न धुतलेल्या भाजीपाल्यानें होतो. खाटकाच्या दुकानामागें फेंकलेलें काळीज उकिरड्यावरचा कुत्रा खातो, आणि त्या कुत्र्याला कुरवाळून आपलीं मुलें तशींच जेवावयास बसतात. साखळी तोडावयाची ती तेथें. तिवरांतल्या कोल्ह्यास मारून ती तुटणार नाहीं.