मतदारांपुढे हिशेब : एडमंड बर्क आणि ब्रिस्टल, १७७४ ते १७८०

१/ ६ सप्टेंबर १७८०. इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल या बंदराच्या शहरात, गिल्डहॉलच्या सभागृहात पार्लमेंटचा एक सदस्य आपल्या मतदारांसमोर उभा होता. सहा वर्षांच्या कारकिर्दीबद्दल त्याच्यावर चार आरोप होते. चारही आरोपांना त्याने सविस्तर उत्तर दिले, पण आपली भूमिका सोडली नाही. तीनच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, त्याने निवडणुकीतून माघार घेतली. हा सदस्य म्हणजे एडमंड बर्क.

२/ फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० साली कठोर टीका करणारा ग्रंथकार म्हणून बर्क जगाला परिचित आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह विचारपरंपरेचा आद्य पुरुष म्हणून त्याचे नाव घेतले जाते. परंतु लोकप्रतिनिधीने मतदारांचे ऐकावे की स्वतःच्या विवेकाचे, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर त्या ग्रंथाच्या कितीतरी आधीचे आहे. त्या उत्तराची कसोटी ब्रिस्टलमध्ये लागली.

३/ ब्रिस्टल हे तेव्हा इंग्लंडमधील अग्रगण्य व्यापारी शहर होते. साखर, तंबाखू आणि गुलामांचा व्यापार यांवर तेथील पेढ्या उभ्या होत्या. शहराचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये जात. मतदार सुमारे ५,००० होते. मूठभर मतदारांचे मतदारसंघ सर्रास असलेल्या त्या काळात हा आकडा मोठा होता. १७७४ मध्ये हेन्री क्रूगर आणि डब्लिनमध्ये जन्मलेला बर्क हे दोघे येथून निवडून आले.

४/ ३ नोव्हेंबर १७७४ रोजी विजयी उमेदवारांची भाषणे झाली. मतदारांच्या सूचनांना आपण बांधील राहू, अशी क्रूगरची भूमिका होती. बर्कने त्याच व्यासपीठावरून नेमके उलटे सांगितले. मतदारांचे मत प्रतिनिधीने आदराने ऐकावे, त्यांच्यासाठी आपली विश्रांती व सुख बाजूला ठेवावे. परंतु आपला विवेक त्यांच्या स्वाधीन करू नये. पार्लमेंट ही निरनिराळ्या गावांच्या वकिलांची सभा नसून एका राष्ट्राची विचारसभा आहे, असा त्याचा आशय होता.

५/ याचा अर्थ बर्कने ब्रिस्टलची कामे टाळली, असा नव्हे. रिचर्ड चॅम्पियन या ब्रिस्टलच्या चिनी मातीच्या कारखानदाराला पेटंटची मुदत वाढवून मिळावी, म्हणून १७७५ मध्ये त्याने पार्लमेंटमध्ये खटपट केली. व्यापाऱ्यांशी त्याचा पत्रव्यवहार चालू असे. अमेरिकन युद्धाच्या काळात हेबियस कॉर्पसचे संरक्षण अंशतः स्थगित करणारा कायदा आला. त्या चर्चेला आपण का गेलो नाही, हे त्याने ३ एप्रिल १७७७ च्या दीर्घ पत्रात ब्रिस्टलच्या शेरीफांना कळवले आणि ते पत्र छापूनही प्रसिद्ध केले.

६/ दरम्यान लंडनमध्ये पैशांची लढाई पेटत होती. राजघराण्याचा, दरबाराचा आणि अनेक सरकारी पदांचा खर्च ज्या वार्षिक मंजुरीतून चाले, तिला ‘सिव्हिल लिस्ट’ म्हणत. १७७७ मध्ये तिसऱ्या जॉर्जचे सहा लाख पौंडांहून अधिक कर्ज पार्लमेंटने फेडले आणि वर्षाची नेमणूक आठ लाखांवरून नऊ लाख पौंडांवर नेली. १७७८ मध्ये फ्रान्स आणि १७७९ मध्ये स्पेन युद्धात उतरले. करांचा बोजा वाढला. १७७९ च्या अखेरीस यॉर्कशायर परगण्यातून काटकसरीची मागणी करणारे अर्ज सुरू झाले.

७/ ११ फेब्रुवारी १७८० रोजी बर्कने आपली ‘आर्थिक सुधारणे’ची योजना मांडली. त्याचे लक्ष केवळ बचतीवर नव्हते. बिनकामाची, भरपूर पगाराची पदे वाटून दरबार खासदारांना अंकित करतो, हे त्याचे मूळ दुखणे होते. राजवाड्याच्या स्वयंपाकघरातील खर्च पूर्वी का कमी होऊ शकला नाही, याचे कारण त्याने भर सभागृहात सांगितले : मांस भाजण्याची सळई फिरवण्याच्या पदावरील माणूस स्वतःच पार्लमेंटचा सदस्य होता!

८/ रद्द करायच्या पदांमध्ये बोर्ड ऑफ ट्रेडही होते. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहासकार एडवर्ड गिबन त्या मंडळाचा सदस्य होता. हे मंडळ बंद करण्याचा प्रस्ताव १३ मार्चला २०७ विरुद्ध १९९ मतांनी संमत झाला. ६ एप्रिलला राजसत्तेचा प्रभाव वाढला असून तो कमी केला पाहिजे, असा जॉन डनिंगचा ठराव २३३ विरुद्ध २१५ मतांनी जिंकला. तरीही इतर कलमांवर बर्कचा पराभव होत गेला आणि त्या वर्षी विधेयक पार पडले नाही.

९/ काटकसर ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना रुचणारीच होती. त्यांचा राग वेगळ्या गोष्टींवर होता. पहिला आरोप साधा होता : बर्क ब्रिस्टलला येतच नाही. त्यात तथ्य होते. सहा वर्षांत त्याच्या फेऱ्या मोजक्याच झाल्या होत्या. पार्लमेंटमधील काम हेच मतदारांचे काम, असे त्याचे म्हणणे होते.

१०/ दुसरा आरोप आयर्लंडचा. आयर्लंडच्या व्यापारावरील बंधने सैल करण्यास बर्कने १७७८ मध्ये पाठिंबा दिला. ब्रिस्टलच्या पेढ्यांना त्यात आपले नुकसान दिसले. बर्कने त्यांना पत्रे लिहून समजावले की, शेजारी श्रीमंत झाल्याने आपण गरीब होत नाही. व्यापाऱ्यांना हे पटले नाही.

११/ तिसरा आरोप कर्जदारांचा. त्या काळी सावकार आपल्या ऋणकोला कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे प्रसंगी अनिश्चित काळ, तुरुंगात डांबून ठेवू शकत असे. ही सत्ता कमी करणाऱ्या लॉर्ड बोशाँ याच्या विधेयकाला बर्कने साथ दिली. उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठेला हे कसे मानवणार?

१२/ चौथा आरोप सर्वांत स्फोटक होता. कॅथलिकांवरील काही जुने जाचक निर्बंध उठवणाऱ्या १७७८ च्या कायद्याचा बर्क समर्थक होता. याच कायद्याविरुद्ध जून १७८० मध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगल उसळली. कित्येक दिवस शहर जळत होते आणि शेकडो माणसे मेली. त्यानंतर तीन महिन्यांनी, प्रोटेस्टंट मतदारांसमोर, बर्कने तो कायदा योग्यच होता असे ठामपणे सांगितले.

१३/ शेवटचे तीन आरोप एकत्र वाचले की एक गोष्ट लक्षात येते. आयर्लंडचा व्यापारी, तुरुंगातील ऋणको, इंग्लंडमधील कॅथलिक : यांपैकी कोणाचेही मत बर्कला ब्रिस्टलमध्ये मिळणार नव्हते. ज्यांना मत होते त्यांचा रोष पत्करून त्याने ज्यांना मत नव्हते त्यांची बाजू घेतली होती. १७७४ च्या भाषणातील तत्त्वाची ही प्रत्यक्षातील किंमत होती.

१४/ मात्र ही कथा निव्वळ हुतात्म्याची नाही. ब्रिस्टल गमावताच बर्कला माल्टनची जागा मिळाली. ती त्याचा आश्रयदाता लॉर्ड रॉकिंगहॅम याच्या मुठीतली होती. दरबारी वशिल्याविरुद्ध लढणारा बर्क स्वतः सरदारी वशिल्यावर पार्लमेंटमध्ये परतला. मतदानाचा हक्क वाढवण्याला तर त्याचा विरोधच होता. मतदारांपासून स्वातंत्र्य मागणाऱ्याला असा सुरक्षित मतदारसंघ सोयीचाच होता, हे टीकाकारांचे म्हणणे सहज खोडता येत नाही.

१५/ १७८२ मध्ये रॉकिंगहॅम पंतप्रधान झाला आणि अडलेली सुधारणा, बरीच काटछाट होऊन, कायद्यात उतरली. बोर्ड ऑफ ट्रेड गेले आणि त्याबरोबर गिबनचे पदही. सैन्याच्या खजिनदारपदी आलेल्या बर्कने त्या पदाची जुनी मोठी कमाई बंद करून ठराविक पगार लावून घेतला. त्याच वेळी आपल्या मुलाला त्याने आपल्या हाताखाली उपखजिनदार नेमले, हेही नोंदवले पाहिजे.

१६/ या गोष्टीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. रघुनाथराव पेशव्यांनी इंग्लंडला पाठवलेले हनुमंतराव आणि त्यांचे पारशी सहकारी १७८१ मध्ये लंडनमध्ये होते. बर्कने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि आचारविचार पाळून राहता-जेवता यावे म्हणून बागेतील काचगृह त्यांना दिले. पुढे १७८६ मध्ये वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध त्याने मांडलेल्या २२ आरोपांत मराठ्यांशी झालेले युद्ध व तह यांवर एक स्वतंत्र आरोप होता. येथेही तो ज्यांच्या बाजूने बोलत होता, त्यांना मत नव्हते.

१७/ बर्कचे १७७४ चे भाषण आज अनेकदा अर्धेच वापरले जाते. प्रतिनिधी मतदारांचा नोकर नाही, एवढे सांगून थांबणे सोपे असते. बर्कने उरलेला अर्धा भाग १७८० मध्ये पुरा केला. कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली आणि ती का घेतली, हे त्याने नाराज मतदारांना त्यांच्याच शहरात, मतदानाच्या तोंडावर सांगितले.

१८/ ब्रिस्टलच्या मतदारांना ते पटले नाही आणि त्यांना तो अधिकार होता. स्वतःच्या विवेकाने मत देण्याचे स्वातंत्र्य हवे असेल, तर हिशेब उघडपणे मांडावा लागतो आणि तो नाकारला गेला तर जागाही सोडावी लागते. ९ सप्टेंबर १७८० रोजी बर्कने ती सोडली.