कुलूप लागायच्या आधीचे ९६ तास

पुणे, जुलै २००९. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जूनलाच स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आहे. खाली ज्या वर्गाची गोष्ट आहे, तो कोणा एका शाळेचा नाही. महापालिकेच्या कुठल्याही शाळेत त्या पावसाळ्यात घड्याळ असंच चाललं असतं.

९६ तास आधी. सोमवार, सकाळी ११.
तिघांच्या बाकावरचा मधला मुलगा ठणठणीत आहे. ताप यायला अजून एक दिवस आहे, पण त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडू लागला आहे. दारात ताप मोजला असता तरी तो आत आलाच असता.

९३ तास. दुपारी २.
मधली सुट्टी. खिचडीच्या रांगेत ताटल्या वाजतात. एकच नळ, एकच पेला, साबण नाही. हात सदऱ्यालाच पुसले जातात.

७२ तास. मंगळवार, सकाळी ११.
अंग तापलं, डोकं ठणकतंय. बाई कपाळाला हात लावतात, पाठवायचं कोणाबरोबर? आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बांधकामावर. मुलगा शेवटच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन पाचपर्यंत निजतो. मला सगळ्यात जास्त टोचतात ते हेच सहा तास. बाईंनी हयगय केली नाही. आजारी मुलाला निजवायला वेगळी खोलीच शाळेत नव्हती, आणि रजा घेतली तर आईचा पगार कापला जाणार होता.

४८ तास. बुधवार.
तो घरी. बाकावरचे दोघे खोकतात. पावसाळा आहे, होतंच, असं सगळे म्हणतात.

२४ तास. गुरुवार, सकाळी ११.
घटक चाचणी, म्हणून कणकणलेली मुलंही आली आहेत. त्या पहिल्या मुलाला ताप येऊन ४८ तास झाले. टॅमिफ्लू हे फ्लूवरचं औषध सर्वांत उपयोगी पडतं ते याच मुदतीत. पण औषधाच्या दुकानात ते मिळत नाही. सरकारी रुग्णालय गाठायचं, घशाचा नमुना राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जाणार, मग अहवालाची वाट.

शून्य. शुक्रवार, सकाळी ११.
फाटकाला कुलूप. मुलं गल्लीत एकत्रच खेळतात आणि दुपारची खिचडी बुडते.

३ ऑगस्टला पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला बळी. नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्यांच्या रांगा लागल्या. पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली, पाठोपाठ मुंबईतही शाळांना सुट्टी मिळाली. ऑगस्टमध्येच केंद्राने नियम बदलले: सौम्य आजार असेल तर चाचणी नको, घरीच थांबा, जोखमीच्या रुग्णाला अहवालाची वाट न पाहता औषध द्या. घरी थांबणाऱ्या मुलाजवळ बसणाऱ्या आईच्या बुडत्या रोजाबद्दल मात्र त्या नियमांत काहीच नव्हतं.