फुकट वाजवावे की नाही? माँटरे १९६७ आणि सत्राचा न्याय

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आणि रॉक बँड?" आम्ही म्हटलं, बाबा रे, आमचा जन्म मीमांसा आणि कांट शिकवण्यात गेला हे खरं, पण घरात नातू आहे. त्याचा चार मुलांचा बँड आहे. मागच्या महिन्यात त्यांना एका मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. मानधन नाही. 'पण तुम्हाला केवढा मोठा मंच मिळतोय!' असं निरोपात लिहिलेलं. पोरं दोन दिवस भांडली आणि शेवटी नातू आमच्याकडे आला. "आजोबा, तुम्ही नीतिशास्त्र शिकवायचात ना? मग सांगा, जायचं का नाही?"

आता असं आहे, नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला थेट उत्तर देता येत नाही, ही आमच्या धंद्याची खोड. म्हणून आम्ही इतिहासाकडे वळलो. हाच प्रश्न एकदा तीसहून अधिक बँड आणि गायकांपुढे एकाच वेळी उभा राहिला होता. तो प्रसंग आधी पाहू.

१९६७ साली जूनच्या १६, १७ आणि १८ तारखांना अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या माँटरे गावच्या जत्रेच्या मैदानावर एक संगीत महोत्सव झाला. मूळ योजना चक्क व्यापारी होती. अॅलन पॅरिसर आणि बेन शपीरो या दोघांनी ती आखली होती. त्यांनी आपल्या पंडित रविशंकरांशी ३,००० डॉलरचा करारही करून ठेवला होता. पुढे 'मामाज अँड द पापाज' या गटाचे जॉन फिलिप्स आणि निर्माते लू अॅडलर यांनी सूत्रं हाती घेतली आणि योजनेचं रूपच पालटलं. ठरलं असं की नफा कोणी घ्यायचा नाही, उरलेला पैसा धर्मादाय कामाला द्यायचा आणि कलाकारांनी विनामूल्य वाजवायचं. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मात्र महोत्सव करणार. रविशंकरांचा करार आधीच झालेला होता, तो पाळला गेला. त्या तीन दिवसांत बिदागी मिळाली ती त्यांनाच. रविवारी दुपारी अल्लारखांच्या तबल्याच्या साथीने ते तीन तासांहून अधिक वाजवत होते. त्यांनी पैसे घेतले म्हणून ते वादन उणं ठरलं, असं त्या मैदानावरच्या कोणालाही वाटलं नाही. पुढे त्या महोत्सवावर चित्रपट निघाला, त्याचा शेवट त्यांच्याच वादनाने केलेला आहे.

प्रेक्षकांना तिकीट होतं बरं का, ३ डॉलरपासून साडेसहा डॉलरपर्यंत. म्हणजे ऐकणारा पैसे देतोय, वाजवणारा घेत नाहीये. मग मधला पैसा कुठे जातो? सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडांनी नेमकं हेच विचारलं. लॉस एंजेलिसची मंडळी धंदेवाईक, असा त्यांचा जुना संशय होता. शिवाय एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीशी चित्रणाचा सौदा झालेला होता. वाजवणं दान आहे हे मान्य, पण त्या वादनाचं चित्रीकरण विकलं जाणार असेल तर तेही दानच का? ग्रेटफुल डेड या बँडने चित्रपटात यायला नकार दिला. बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी या बँडच्या व्यवस्थापकानेही कॅमेरे बंद ठेवायला लावले.

या दुसऱ्या बँडची गायिका होती जॅनिस जॉप्लिन. शनिवारी दुपारी ती अशी काही गायली की मैदान थक्क झालं, आणि त्याचं चित्रण नव्हतं! मग बोलणी झाली आणि बँडने रविवारी पुन्हा वाजवलं, या वेळी कॅमेऱ्यासमोर. त्यातून काय मिळालं बघा. अल्बर्ट ग्रॉसमनसारखा वजनदार व्यवस्थापक मिळाला, कोलंबिया कंपनीचा करार झाला, १९६८ साली आलेला त्यांचा संग्रह अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि त्याच वर्षाअखेर जॉप्लिन बँड सोडून गेली. फुकट वाजवलं पाच जणांनी, फळ मुख्यतः एकीच्या पदरात. यात तिचा दोष काढायचा नाही, पण हिशेब मांडताना ही नोंद विसरायची नाही.

माँटरेची गोष्ट सांगताना नेहमी जिमी हेंड्रिक्सचं नाव येतं. इंग्लंडमध्ये गाजलेला, पण मायदेशात फारसा माहीत नसलेला हा वादक तिथे आला, त्याने गिटार पेटवली आणि एका रात्रीत अमेरिकेला माहीत झाला. 'द हू' या इंग्लिश बँडचंही तसंच. म्हणून आजही आयोजक म्हणतात, फुकट वाजवा, हेंड्रिक्स व्हाल! पण मित्रहो, त्याच मंचावर टोरोंटोचा 'पॉपर्स' नावाचा बँड होता. त्यांचं वादन त्या दिवशी पार फसलं. बेव्हर्ली नावाची एक तरुण इंग्लिश गायिका होती. 'द ग्रुप विथ नो नेम' होता, आणि तो खरोखरच नावाविना राहिला. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही सांगायचो, नवस फेडायला आलेल्यांची मोजणी करून देव पावतो की नाही हे ठरवू नये, कारण ज्यांना पावला नाही ते फेडायला येतच नाहीत. मंच मिळाल्याचा फायदा मोजतानाही तेच.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, वुडस्टॉकला नेमकं उलटं घडलं. तिथे कलाकारांशी रीतसर मानधनाचे करार होते, आणि कुंपण मोडल्यामुळे लाखो श्रोते फुकट आत आले. माँटरेला विनामूल्य वाजवणाऱ्या 'द हू'च्या माणसांनी तिथे आधी रोख पैसे मागितले, मग बँड मंचावर गेला. ग्रेटफुल डेडच्या बाजूनेही तसाच आग्रह धरला गेला. त्यांना लोभी म्हणायचं का? आमच्या मते नाही. एका ठिकाणी उद्देश धर्मादाय होता, दुसऱ्या ठिकाणी धंद्याचा. वागणूक बदलली, कारण व्यवहाराची जात बदलली होती.

ही जात ओळखायची कशी? इथे आमचा जुना मित्र जैमिनी कामाला येतो. दक्षिणा म्हणजे दान, असं आपण सहज म्हणतो. मीमांसक तसं मानत नाहीत. ते म्हणतात, दक्षिणा हा परिक्रय आहे, म्हणजे ऋत्विजांच्या श्रमाचा मोबदला. यजमान दक्षिणा देतो, म्हणून यज्ञाचं फळ यजमानाला मिळतं. ऋत्विजाला काय? त्याची दक्षिणा. हिशेब चोख. पण 'सत्र' नावाचा एक यज्ञप्रकार आहे. त्यात सतरा ते चोवीस जण एकत्र बसतात, आणि दक्षिणा मुळीच नसते. का नसते? कारण तिथे प्रत्येक ऋत्विज स्वतःच यजमान असतो. कोणी कोणाला विकत घेतलेलं नाही, म्हणून फळही प्रत्येकाला, आणि तेही पुरतं.

मित्रहो, फुकट वाजवण्याचा न्याय आम्हाला यात दिसतो. सगळेच यजमान असतील तर दक्षिणा नको. पण एक जण यजमान आणि बाकीचे नुसते ऋत्विज असतील, तर दक्षिणा न देणं ही वेठबिगार झाली, मग तिला कला म्हणा नाहीतर सेवा. माँटरेने स्वतःला सत्र म्हणवण्याचा प्रयत्न केला. पॉल मॅकार्टनी, मिक जॅगर, पॉल सायमन, स्मोकी रॉबिन्सन अशांची नावं नियामक मंडळावर होती, म्हणजे कलाकारच मालक, असा देखावा तरी होता. चित्रणाच्या हक्कांपाशी मात्र सत्राला तडा गेला, आणि तो सॅन फ्रान्सिस्कोच्या पोरांनी बरोबर हेरला.

एक तिसरी वाटही आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेलं दान ते राजस. प्रसिद्धीसाठी फुकट वाजवणं हे त्यातलं. त्यात पाप नाही. फक्त त्याला त्याग म्हणू नये. तो सौदा आहे, म्हणून सौद्यासारखाच तोलावा.

नातवाला आम्ही चार प्रश्न लिहून दिले. महोत्सवात आणखी कोण फुकट राबतंय? मंडपवाला, साउंडवाला, जाहिरातवाला यांना पैसे आणि फक्त वाजवणाऱ्याला नाही, तर ते सत्र नव्हे. जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा? माँटरेने तो केला होता. चित्रण कोणाच्या मालकीचं? आणि चौथा प्रश्न आयोजकांना नव्हे, तुम्हा चौघांना. तुमच्यापैकी कोणाला हे सगळ्यात महाग पडतंय?

पहिले तीन प्रश्न त्यांनी पाठवले. गाडीभाडं देतो, असं उत्तर आलं. चित्रणाबद्दल आणि बाकीच्यांच्या पैशांबद्दल अजून चकार शब्द नाही. चौथ्या प्रश्नावर मात्र घरातच शांतता पसरली. त्यांचा ड्रम वाजवणारा मुलगा शनिवार-रविवार लग्नाच्या वरातीत वाजवून घर चालवतो. फुकटचा रविवार म्हणजे त्याची एक सुपारी बुडणार. बाकी तिघांना घरून जेवायला मिळतं. दोन दिवस भांडण चाललं होतं, पण हे कोणी बोललंच नव्हतं. तो स्वतःही बोलला नव्हता.

आम्ही एवढंच सुचवलं की तिघांनी आपल्या खिशातून त्याची सुपारी आधी भरून द्यावी. ते जमत नसेल तर जाऊ नये. आयोजकाने यजमान व्हावं की नाही हे आपल्या हातात नाही, पण चौघांच्या आत कोणाचा ऋत्विज होऊ द्यायचा नाही, हे आपल्याच हातात आहे. चित्रणाचं उत्तर लेखी आल्याशिवाय होकार कळवू नये, हेही सांगितलं. येत्या रविवारी चौघं आमच्या घरी बसणार आहेत. निर्णय त्यांचा. चहा आमचा.

आणि हो, व्याख्यानाआधी संयोजकांनी आम्हाला मानधनाचं पाकीट दिलं, ते आम्ही घेतलं आहे.